चालायला निमित्त लागतं

सुट्टीत सुरतला घरी गेले की आईची फाईल बघायची, हे माझं काम. या खेपेला साखर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, "मावशी, रोज अर्धा तास चाला." आई बाहेर येऊन म्हणाली, "लिंबायतला होते तेव्हा कुणी सांगावं लागत नव्हतं."

खरंच होतं. उधना, लिंबायत, डिंडोली म्हणजे सुरतेतला खानदेश. ताप्ती लाइनच्या गाडीने जळगाव-धुळे-नंदुरबारची माणसं इथल्या मिलमध्ये, लूमवर आली नि राहिली, त्यातलेच आम्ही. तिथे गल्ली अरुंद, फुटपाथ नाही. पण भाजी, गिरणी, देऊळ, मामाचं घर, सगळं दहा मिनिटांत. आईच्या दिवसाला चार फेऱ्या व्हायच्या. त्याला व्यायाम कुणी म्हणत नसे.

आता आम्ही तापीपलीकडे पालला राहतो. रस्ते रुंद, झाडं आहेत, बागही आहे. तरी आई घरात! सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे दुधाचं दुकान दिसतं, पण गेट पुढच्या बाजूला, त्यामुळे केवढा तरी वळसा. मग दूध, भाजी सगळं दादाच गाडीवरून आणतो.

2016 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये 14 शहरांतल्या 6,822 प्रौढांचा अभ्यास आला होता. कमरेला यंत्र लावून त्यांची हालचाल मोजली होती. चालण्याला सर्वांत सोयीच्या आणि सर्वांत गैरसोयीच्या वस्तीत आठवड्याला 68 ते 89 मिनिटांचा फरक निघाला. प्रौढांनी आठवड्याला निदान 150 मिनिटं हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जवळपास निम्मा हिशेब वस्तीच ठरवते. फरक पाडणाऱ्या गोष्टी चार: दाट घरं, पुष्कळ चौक, जवळ बसथांबे आणि बागा. चौक जास्त म्हणजे वळसा कमी. पालला बाग आहे, पण बाकीच्या तिघींचं काय?

अभ्यासात भारतातलं एकही शहर नव्हतं, हेही खरं. आपल्याकडे दाटी म्हणजे धूर, हॉर्न आणि अंगावर येणारी रिक्षा. लूमवर बारा तास उभं राहून आलेल्या बाबांना तर "चाला" म्हणायची माझी हिंमत होत नाही.

आईला "फिरायला जा" सांगणं मी सोडलं. दादाला भाजी आणायची बंदी केली. आणि दर गुरुवारी ती सिटीबसने लिंबायतला मामाकडे जाते. थांब्यापर्यंतच पंधरा मिनिटं चालावं लागतं. तिथे पोचली की सगळ्या गल्ल्या पालथ्या घालते, फोनसुद्धा उचलत नाही.