दूरध्वनीवरून पशुवैद्यकीय सल्ला : विचारावे कसे, सांगावे कसे?

आजारी जनावर गोठ्यात आणि पशुवैद्यक तालुक्याच्या गावी, ही अडचण आपल्या पशुपालकांस नवी नाही. आता १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकास साद घालता येते. भ्रमणध्वनीवरून जनावराचे छायाचित्र पाठवून सल्लाही घेता येतो. तथापि पशुवैद्यकाचा हात जनावराच्या अंगापर्यंत पोचत नाही. अशा वेळी पशुपालकाचे डोळे हेच वैद्याचे डोळे होत. म्हणून उभयतांचे संभाषण हाच तपासणीचा पाया समजावा.

एक उदाहरण घेऊ. "गाय उठत नाही, तिला ताप आहे," असा निरोप येतो. ताप थर्मामीटरने मोजला, की गाय मलूल दिसते म्हणून तसे म्हटले, हे प्रथम विचारावे. निरोगी गाईचे तापमान सुमारे १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. दुसरा प्रश्न, गाय केव्हा व्याली? ती एकदोन दिवसांपूर्वी व्यालेली असून तिचे कान व पाय गार असतील, तर दुग्धज्वराची शंका घ्यावी. या रोगाच्या नावात ज्वर असला तरी अंगात ताप नसतो. रक्तातील कॅल्शियम घटल्याने गाय बसते. केवळ "दुग्धज्वर आहे" असे सांगून फोन ठेवल्यास पशुपालक तापाचे औषध शोधत बसेल आणि मोलाचे तास वाया जाऊन गाय दगावेल. कॅल्शियम शिरेतून सावकाश, हृदयाकडे लक्ष ठेवून द्यावे लागते. ते पशुवैद्यकाचेच काम होय. तो येईपर्यंत गाईस पोत्यांचा आधार देऊन छातीवर बसती ठेवावी. तिला गिळता येत नसल्यास बाटलीने पाजलेले औषध फुप्फुसात जाते. म्हणून तोंडावाटे काहीही पाजू नये, हे स्पष्ट बजावावे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. पशुपालकास प्रथम आपल्या शब्दांत सर्व सांगू द्यावे. मध्येच तोडू नये.

२. "नीट खाते का?" या प्रश्नास बहुधा "हो" असेच उत्तर मिळते. त्याऐवजी "कालपासून किती चारा खाल्ला? रवंथ केव्हा केले? दूध किती लिटरांवरून कितीवर आले?" असे विचारावे.

३. धार काढणारी व चारा घालणारी व्यक्ती बहुधा घरातील स्त्री असते. तिलाच फोनवर बोलवावे.

४. आधी कोणते औषध वा घरगुती उपाय केले, हे रागावून विचारू नये. रागावल्यास ते लपविले जाते आणि पुढील औषधयोजना चुकते.

५. लाळ गाळणाऱ्या किंवा बावचळलेल्या जनावराच्या तोंडात हात घालून पाहण्यास कधीही सांगू नये. पिसाळीचा धोका असतो.

६. शेवटी औषधाची मात्रा, वेळा आणि किती दिवस दूध विकू नये, हे पशुपालकाकडून पुन्हा वदवून घ्यावे. पुढचा फोन केव्हा करावयाचा तेही ठरवावे.

पशुपालक बंधुभगिनींनो, फोन करण्यापूर्वी जनावराचे वय, वेत, गाभण असल्यास महिना आणि आजार केव्हापासून आहे, हे लिहून ठेवा. उजेडात, जनावर पूर्ण दिसेल असे छायाचित्र काढा. श्वास मोजताना पूर्ण एक मिनिट कुशीची हालचाल पाहा.

मात्र डावी कूस फुगून श्वास कोंडला असेल, वासरू अडले असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर फोनवरील सल्ल्यावर विसंबून राहू नये. पथकास तत्काळ बोलवावे आणि गावाचे नाव, गोठ्याची खूण व वाट नीट सांगावी. नेमके सांगितलेले चार शब्द अशा वेळी एका मुक्या जिवाचे प्राण वाचवितात.