केमोच्या घरातली झोप

नागपुरातल्या लकडगंजच्या जुन्या भागात घरं अजूनही दुकानांच्या डोक्यावर आहेत. खाली सागवानाच्या फळ्या, प्लायवूड, आरामशीन. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कूलर बसवलेली एक खिडकी. अशा घरात एखाद्या बाईची केमो सुरू झाली की सगळं घर तिच्या रिपोर्टांभोवती फिरू लागतं. पांढऱ्या पेशी किती, हिमोग्लोबिन किती, पुढची तारीख कोणती. उपचार तुकडोजी रुग्णालयात असोत, जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये असोत की शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे मेडिकलमध्ये, हे सारं फाइलमध्ये असतं. रात्री झोप लागली का, हे मात्र बहुतेक रुग्ण स्वतःहून सांगत नाहीत. एवढ्या मोठ्या आजारात झोपेची तक्रार काय करायची, असं त्यांना वाटतं. शेजारी नवरा रात्रभर घोरतो, ही तर डॉक्टरांना सांगायची गोष्टच वाटत नाही. माझं म्हणणं असं आहे की या दोन्ही गोष्टी सांगायलाच हव्यात. तिची न लागणारी झोप हा उपचाराचाच विषय आहे, आणि त्याचं घोरणं ही त्याच्या स्वतःच्या तपासणीची बाब आहे.

केमोच्या काळात झोप उडणं किती सर्रास आहे, याचा चांगला पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेत केमो घेणाऱ्या ८२३ रुग्णांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या सुमारे ३७ टक्के रुग्णांना निद्रानाशाची लक्षणं होती, आणि आणखी ४३ टक्क्यांचा त्रास निद्रानाशाच्या निदानात बसेल इतका होता. म्हणजे दहातले जवळजवळ आठ. कारणं फक्त काळजीची नसतात, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. केमोच्या दिवशी उलट्या होऊ नयेत म्हणून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात, पुढचे दोन-तीन दिवस गोळ्याही असतात. त्याचा अंमल दीड-दोन दिवस टिकतो आणि त्या रात्री डोळे टक्क उघडे राहतात. घरचे म्हणतात, ‘विचार करते म्हणून झोप येत नाही.’ प्रत्यक्षात औषध आपलं काम करत असतं. या गोळ्या सकाळी आणि दुपारच्या आत घेतल्या तर चालतील का, एवढा एक प्रश्न डॉक्टरांना विचारला तरी काही रात्री सुधारू शकतात. वेळ किंवा डोस आपल्या मनाने मात्र बदलायचा नाही. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल चालू असेल तर मध्यरात्री अंगातून वाफा निघतात, घामाने उशी भिजते. नागपूरच्या मे महिन्यात हा त्रास उन्हाळ्याच्याच नावावर जातो आणि डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही. त्यात दुखणं, मळमळ, सलाइनमुळे वारंवार लघवीला उठणं, दिवसा लागलेल्या डुलक्या. इतकी हलकी झोप ज्या माणसाची आहे, त्याच्या कानापासून दोन फुटांवर घोरणं चालू असतं.

भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. निजायच्या खोलीत आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सांगितलं होतं. घोरण्याचा आवाज सहज ५०-६० डेसिबलपर्यंत जातो, कधी त्याहूनही वर. कायदा खिडकीपर्यंतच येतो. आतलं आपल्यालाच बघायचं असतं. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, उताणं झोपल्यावर जीभ मागे सरकते, वाट अरुंद होते आणि त्या वाटेने जाणारी हवा मऊ टाळू थरथरवते, म्हणून माणूस घोरतो. वाढलेलं वजन, दारू, धूम्रपान, चोंदलेलं नाक यांनी ते वाढतं. लकडगंजात यात आणखी एक भर आहे. दिवसभर आरामशिनीजवळ किंवा रंध्याच्या भुशात काम करणाऱ्याचं नाक सुजतं, चोंदतं, आणि रात्री तो तोंडाने श्वास घेतो. लाकडाची बारीक धूळ नुसती त्रासदायक नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये तिला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, मुख्यतः नाक आणि त्याभोवतीच्या पोकळ्यांच्या कॅन्सरसाठी. कामावर नीट बसणारा मास्क आणि संध्याकाळी उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणं, एवढ्यानेही चोंदलेलं नाक बरंच मोकळं होऊ शकतं.

उपचारांच्या महिन्यांत नवऱ्याचं घोरणं वाढलं, असं अनेक घरांत जाणवत असेल, आणि त्याला आधार आहे. दिवसा दुकान, मग दवाखान्याच्या चकरा, औषधांची धावपळ, रात्री दोनदा उठणं. झोप तुटत गेली की घशाची वाट अधिक सहज मिटते. म्हणजे तिच्यासाठी जागणारा माणूसच जागरणापायी अधिक घोरतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला तपासणं उपयोगाचं आहे. घोरता घोरता श्वास थांबतो, मग धाप लागल्यासारखा परत सुरू होतो, दिवसा बसल्या जागी डोळा लागतो, रक्तदाब वाढलेला आहे, वय पन्नाशीपुढचं आहे, मान चाळीस सेंटिमीटरहून जाड आहे: यातल्या तीन-चार गोष्टी जुळल्या तर हा स्लीप ॲप्निया असण्याची शक्यता बरीच आहे. हृदयाला आणि मेंदूला धोका देणारा हा आजार आहे. त्यावर हवेचा दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप नावाचं यंत्र मिळतं. शेजारच्याला त्याचा काय फायदा होतो, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९९ मध्ये तपासलं (सेंट्रल एव्हेन्यूजवळच्या आपल्या नागपूरच्या मेयो रुग्णालयाशी त्याचा संबंध नाही). दहा जोडप्यांची झोप एकाच रात्री मोजली, अर्धी रात्र यंत्राविना आणि अर्धी यंत्रासह. नवरा शांत झोपल्यावर अंथरुणावरच्या वेळेपैकी बायकोला झोप लागण्याचं प्रमाण ७४ टक्क्यांवरून ८७ टक्क्यांवर गेलं. पूर्ण रात्रीचा हिशेब केला तर ही जवळजवळ तासाभराची जादा झोप होते. अभ्यास लहान होता, पण केमोच्या रात्रीत एक तास म्हणजे थोडाथोडका नव्हे.

इथे कोणी म्हणेल, जिवावर बेतलेलं असताना झोपेचं काय घेऊन बसलात? चांगली झोप लागली की कॅन्सर बरा होतो, असा दावा मी करत नाही आणि कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण झोप मोडली की तेच दुखणं जास्त दुखतं, मन खचतं, अन्नावरची इच्छा जाते, दिवसाचा थकवा दुणावतो. उपचार सोसण्याचं बळ याच गोष्टींवर अवलंबून असतं. मळमळीवर आपण औषध मागतोच. झोपेवर उपाय मागायला संकोच का वाटावा?

सगळ्यात जड वाटणारी सूचना वेगळ्या बिछान्याची असते. आजारपणात नवरा दुसऱ्या खोलीत झोपायला गेला, तर लोक काय म्हणतील, आणि तिला काय वाटेल? आधीच केस गेलेत, शस्त्रक्रियेचा व्रण आहे. त्यात तो दूर गेला तर मनाला लागणारच. ही भीती खरी आहे. ‘जा तिकडे’ असं एका रात्री वैतागून झालेलं वेगळेपण खरंच बोचतं. तेच दोघांनी बसून ठरवलं, की केमोनंतरच्या चार रात्री तो बाहेरच्या खोलीत आणि बाकी दिवस एकत्र, तर त्यातला अपमान जातो. आणि एकच पलंग म्हणजेच संसार, ही कल्पना काही फार जुनी नाही. वाड्यांतल्या पिढ्या माजघरात आणि ओसरीवर वेगवेगळ्या झोपल्या, विदर्भात उन्हाळ्यात अख्खी घरं गच्चीवर रांगेत झोपली, आणि संसार झाले. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: रात्री तिला काही झालं तर कोणाला कळेल? केमोच्या काळात शंभर पॉइंट चार फॅरनहाइट किंवा त्यापुढे ताप गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाला फोन करून निघावं लागतं. म्हणून वेगळं झोपताना दार उघडं, थर्मामीटर तिच्या उशाशी आणि हाताशी बिनतारी बेल, अशी व्यवस्था आधी करायची. गाढ झोपेत घोरणाऱ्याला शेजारची हाक ऐकू येईलच असंही नाही. बेल मात्र येते.

वेगळी खोलीच नसेल तर? लकडगंजातल्या कितीतरी घरांत ती नाही. तिथे वेळ वेगळी करता येते. तिने आधी झोपायचं, त्याने अर्ध्या-पाऊण तासाने यायचं. गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या प्रहरात असतो, त्यातला काही भाग तरी तिच्या पदरात पडतो. त्याने कुशीवर झोपावं, डोक्याकडची बाजू थोडी उंच करावी, रात्री दारू टाळावी. उन्हाळ्यात कूलरची एकसुरी घरघर घोरणं बरंच झाकते, पण त्यातलं पाणी साचू देता कामा नये: डेंग्यूचे डास त्यातच वाढतात, आणि पांढऱ्या पेशी कमी असलेल्या माणसाला साचलेल्या पाण्यातले जंतूही धोक्याचे. टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासावी. पावसाळ्यात कूलर बंद झाला की पंखा किंवा मोबाइलवर हळू लावलेला पावसाचा आवाज चालतो. कानात घालायचे फोमचे बोळे स्वस्त आणि उपयोगी आहेत, तरी सिसप्लॅटिन घेणाऱ्यांनी आधी विचारावं. त्या औषधाने कानात गुणगुण सुरू झालेली असेल तर शांततेत ती अधिकच ऐकू येते.

झोपेची गोळी मागायचा मोह समजण्यासारखा आहे, आणि काही रात्रींसाठी डॉक्टर ती देतातही. घरातल्या सासूबाईंची गोळी मात्र घेऊ नये. मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल चालू असताना अल्प्राझोलामसारखी औषधं श्वास मंदावू शकतात. अमेरिकेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीर्घ निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून गोळी न सुचवता सवयींवर आधारित उपचार सुचवला: उठायची वेळ रोज तीच, झोप येईल तेव्हाच आडवं व्हायचं, वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसायचं, दिवसाची डुलकी अर्ध्या तासाच्या आत आणि दुपारी तीनच्या आधी. ‘एवढी थकलेली, तिला झोपू द्या की’ असं घरचे म्हणतात. पण कॅन्सरचा थकवा दिवसभर पडून राहून जात नाही. जमेल तेवढं चालणं त्याला अधिक लागू पडतं. उपचार संपवलेल्या ४१० रुग्णांवर २०१३ मध्ये झालेल्या चाचणीत चार आठवड्यांच्या सौम्य योगासनांनी झोप सुधारली. नागपुरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळामुळे आसनं घरोघरी माहीत आहेत. डॉक्टरांना विचारून त्यातली हलकी निवडावीत. आणि झोपण्याआधीचा खर्रा बंद हवा. तंबाखू तोंडाला काय करते हे विदर्भात वेगळं सांगायला नको, पण निकोटिन झोपही उडवतं.

इथल्या पुष्कळ घरांत चित्र उलटं असतं: तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचा रुग्ण नवरा, आणि जागी बायको. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. शस्त्रक्रियेने किंवा ज्याला लोक शेक म्हणतात त्या रेडिएशनने घशात सूज येते आणि ॲप्निया नव्याने होऊ शकतो. आधी न घोरणारा माणूस घोरू लागला तर पुढच्या तपासणीत सांगावं. श्वास आत घेताना जागेपणीही शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. केमो बायकोची चालू असेल, तर घोरणाऱ्या नवऱ्याच्या तपासणीला मात्र वेगळा दिवस काढायची गरज नसते. बायको डे-केअरमध्ये सलाइन लावून चार-पाच तास असते. त्या वेळात त्याने कान-नाक-घसा किंवा छातीच्या ओपीडीत जाऊन घोरण्याबद्दल सांगावं, रक्तदाब मोजून घ्यावा आणि घरी झोपेची चाचणी करता येईल का हे विचारावं. जाताना तिने मोबाइलवर टिपलेला त्याच्या घोरण्याचा दोन मिनिटांचा आवाज सोबत न्यावा. श्वास मध्येच थांबतो का, हे डॉक्टरांना त्यातून कळायला मदत होते.