‘विकारविलसित’मधील चंद्रसेन : एकनिष्ठ पुत्राचा विलंब
गोपाळ गणेश आगरकर अकोल्यातून मॅट्रिक झाले, हे वऱ्हाडात अभिमानाने सांगितले जाते. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘हॅम्लेट’चे भाषांतर ‘विकारविलसित’ मात्र क्वचितच वाचले जाते. त्यातील चंद्रसेन हा अन्यायग्रस्त पुत्र होय. चुलत्याने पित्याचा वध करून राज्य व राणी दोन्ही बळकावली. तरीही समीक्षक बहुधा पुत्राच्या विलंबालाच दोष देतात. प्रस्तुत लेखकास हे पटत नाही. पिशाचाच्या शब्दावर विसंबून न राहता तो नाटकातील नाटकाद्वारे सत्य पडताळतो. पितृनिष्ठेला पुराव्याचा आग्रह जडला की विलंब अटळच. बुद्धिप्रामाण्यवादी आगरकरांना हा नायक जवळचा वाटला असावा. पुरावा हाती आल्यावरही प्रार्थनारत चुलत्यास तो सोडून देतो. तेथे मात्र हे समर्थन अपुरे पडते.