कंपनीला नको असलेलं गाणं

'जेम्स अँड द कोल्ड गन' हे गाणं आज केट बुशच्या चाहत्यांखेरीज फारसं कुणाला आठवत नाही. १९७७ मध्ये मात्र लंडनच्या ईएमआय कंपनीला ते हमखास चालणार असं वाटत होतं. दणदणीत गिटार, पाय थिरकवणारा ठेका, शिवाय पबमधल्या श्रोत्यांपुढे आधीच वाजवून झालेलं. या नव्या मुलीची ओळख याच गाण्याने व्हावी, असा कंपनीचा आग्रह होता. १९ वर्षांची केट अडून बसली. तिला 'वदरिंग हाइट्स' हवं होतं.

कंपनीने शेवटी तिचं ऐकलं. २० जानेवारी १९७८ रोजी ते गाणं आलं, पाठोपाठ १७ फेब्रुवारीला 'द किक इनसाइड' हा तिचा पहिला अल्बम. मार्चमध्ये 'वदरिंग हाइट्स'ने अॅबाच्या गाण्याला खाली ढकलून ब्रिटनच्या यादीत चार आठवडे पहिला क्रमांक राखला. स्वतः लिहिलेल्या गाण्याच्या बळावर तिथे पोचलेली केट ही पहिलीच गायिका.

गाणं होतं तरी कसलं? एमिली ब्राँटेच्या ज्या कादंबरीवरून आपल्याकडे दिलीपकुमार-वहिदा रेहमानचा 'दिल दिया दर्द लिया' निघाला, त्याच कादंबरीतली मेलेली कॅथी खिडकीबाहेर उभी राहून आत घे म्हणून विनवते आहे. म्हणजे भुताच्या तोंडचं गाणं. तो उंच, किंचित किरटा आवाज अनेकांना तेव्हा चाळा वाटला. पण भुताने आणखी कुठल्या आवाजात गायचं? कडव्यातून ध्रुवपदात शिरताना पट्टी बदलते, ओळी ठरावीक मात्रांत मावत नाहीत. तो काळ पंक आणि डिस्कोचा. या गाण्यावर दोहोंपैकी कशाचाच शिक्का नाही, म्हणून ते ऐकताना सालही सांगता येत नाही.

अल्बममधली सर्वांत टिकाऊ गोष्ट मात्र त्याहूनही जुनी आहे. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरने केटच्या घरगुती टेप ऐकल्या आणि जून १९७५ मध्ये स्वतःच्या खर्चाने तिला एअर स्टुडिओत नेलं. त्या वेळची दोन ध्वनिमुद्रणं पुढे तशीच अल्बममध्ये घेतली गेली. त्यातलं 'द मॅन विथ द चाइल्ड इन हिज आइज' तिने वाद्यवृंदासोबत गायलं तेव्हा ती १६ वर्षांची होती, आणि लिहिलं त्याच्याही आधी. पियानो, भोवती अलगद उमटणारे वाद्यवृंदाचे सूर, मध्ये एक न घाबरलेला आवाज. गीतलेखनासाठी त्याला आयव्हर नॉव्हेलो पुरस्कार मिळाला.

करार केल्यावरही ईएमआयने तिला घाईने स्टुडिओत लोटलं नाही. त्या काळात ती लिंडसे केम्पकडे नृत्य आणि मूकाभिनय शिकली. देवमाशांच्या आवाजाने सुरू होणारं 'मूव्हिंग' हे पहिलं गाणं त्याच गुरूसाठी आहे. उरलेली गाणी अँड्र्यू पॉवेलच्या देखरेखीखाली १९७७ च्या उन्हाळ्यात झाली.

तेराच्या तेरा गाणी सारखीच ताजी आहेत, असं नाही. 'काइट'चा रेगे ठेका आज हौसेचा वाटतो, 'रूम फॉर द लाइफ' रेंगाळतं. आणि सर्वांत जास्त वय दिसतं ते कंपनीच्या लाडक्या 'जेम्स'चं; असं रॉक तेव्हा ढिगाने निघत होतं.

विषयांचं धाडस मात्र अजून चकित करतं. 'स्ट्रेंज फिनॉमिना'त मासिक पाळीचा उल्लेख येतो, तोही आडपडदा न ठेवता. २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेमुळे केटचं १९८५ चं 'रनिंग अप दॅट हिल' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या वाटेने इकडे येणाऱ्या नव्या श्रोत्यांनी खुशाल शेवटापासून सुरुवात करावी. तेरावं, शीर्षकगीत, 'लिझी वॅन' या जुन्या लोककथागीतावर आधारलेलं आहे: भावापासून दिवस गेलेली बहीण जीव देण्यापूर्वी त्याचा निरोप घेते. साथीला पियानो आणि तंतुवाद्यं, ढोल-ताशा काही नाही.