शुद्धिपत्राचा खेळ

मूळ वस्तूला हात न लावता तिची प्रतिकृती करावी, तीत हवे तसे फेरफार करून पाहावेत आणि त्यातून मूळ वस्तूचे मर्म समजून घ्यावे, हा उद्योग खडकवासल्याला नवा नाही. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने सुरू केलेले आणि पुढे येथे स्थिरावलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र वर्षानुवर्षे हेच करीत आले आहे. नद्यांच्या, बंदरांच्या, सांडव्यांच्या लहान आकाराच्या प्रतिकृती उभारावयाच्या, त्यांतून पाणी सोडावयाचे, भिंत इकडे सरकवून पाहावयाची, तिकडे सरकवून पाहावयाची. खऱ्या धरणावर असले प्रयोग करता येत नाहीत, हे १२ जुलै १९६१ चा अनुभव घेतलेल्या पुणेकरांना सांगावयास नको. त्याच गावातील मुले दर दिवाळीला अंगणात किल्ला करतात. समोर खरा सिंहगड उभा असतो, पण मुले त्याची नक्कल करीत बसत नाहीत. सिंहासन रायगडावर होते, तरी मुलांच्या प्रत्येक किल्ल्यावर महाराज सिंहासनावर विराजमान असतात. पायथ्याशी अळिवाचे शेत उगवते, तळ्यात प्लॅस्टिकचे बदक तरंगते आणि तटावर मावळ्यांच्या शेजारी एखादा रणगाडाही येऊन बसतो. इतिहासाच्या नावाने कोणी त्यावर हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.

हीच वृत्ती संगणकीय खेळांच्या बाबतीत दिसली, की मात्र वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि कंपन्यांचे वकील नोटिसा काढू लागतात. ‘पोकेमॉन’ या जपानी खेळाच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये हौशी तरुणांनी केलेले फेरफार हे त्याचे ठळक उदाहरण होय. ज्या शिक्षकांच्या वर्गात आणि ज्या कारकुनांच्या घरात हे तरुण वाढत आहेत, त्यांनी हा प्रकार आहे तरी काय हे एकदा समजून घेतले पाहिजे.

मूळ खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘लाल’ आणि ‘हिरवी’ अशा दोन आवृत्त्यांत निघाला. हातात मावणाऱ्या ‘गेम बॉय’ नावाच्या यंत्रावर तो खेळावयाचा. एक मुलगा गावोगाव हिंडतो, गवतात दडलेले अचाट प्राणी पकडतो, त्यांना वाढवितो, झुंजवितो आणि एकूण १५१ जातींची नोंदवही पुरी करू पाहतो, एवढेच कथानक. त्याचा जनक सातोशी ताजिरी हा टोकियोच्या उपनगरात वाढला. लहानपणी त्याला किडे गोळा करण्याचा नाद होता आणि पुढे शेते व ओढे बुजवून तेथे इमारती झाल्या, तेव्हा तो नाद त्याने खेळात आणला. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्या ‘गेम फ्रीक’ कंपनीने हा खेळ केला, ती आरंभी कंपनी नव्हतीच. १९८३ साली ताजिरीने हाताने लिहून, प्रती काढून, टाचण्या मारून काढलेले ते एक हौशी नियतकालिक होते आणि त्यात दुसऱ्यांच्या खेळांच्या खाचाखोचा सांगितलेल्या असत. त्याचे रूपांतर कंपनीत झाले ते १९८९ मध्ये. म्हणजे ज्याच्या खेळात आज हौशी मंडळी हात घालतात, तो स्वतःही मुळात दुसऱ्यांच्या खेळात डोकावणारा हौशीच होता.

आत शिरण्याची ही खोड खेळाच्या जन्मकथेतही आहे. खेळ जवळजवळ पुरा झाल्यावर चाचणीसाठी घातलेली काही साधने काढून टाकण्यात आली आणि सुमारे तीनशे बाइट इतकी जागा मोकळी झाली. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरने तेवढ्या जागेत गमतीने ‘म्यू’ नावाचा एक प्राणी दडवून ठेवला. तो सर्वसामान्य खेळाडूच्या हाती लागावयाचा नव्हता. पण बातमी फुटली आणि त्या दडविलेल्या प्राण्याच्या शोधाने खेळाची लोकप्रियता कितीतरी वाढली.

आता फेरफाराची रीत पाहू. खेळ ज्या डबीत असतो, तिच्यातील स्मृती केवळ वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. तीतील मजकूर संगणकावर उतरवून घेतला, की तो आकड्यांची एक लांबलचक रांग होतो. कोणत्या जागी प्राण्याचे बळ लिहिले आहे, कोठे नकाशा आहे, कोठे संवाद आहेत, हे सुरुवातीला हौशी लोकांनी एकेक आकडा बदलून, खेळ चालवून आणि फसून शोधून काढले. पुढे काही मंडळींनी जुन्या खेळांचे सारे कामकाज माणसाला वाचता येईल अशा आज्ञांच्या स्वरूपात पुन्हा लिहून काढले. एखाद्या शिलालेखाचे वाचन करावे, तसले हे काम आहे, आणि त्याला लागलेली चिकाटीही त्याच जातीची आहे. यंत्राच्या भाषेचा पहिला धडा अशा उलगड्यातून शिकलेला तरुण वर्गातील फळ्यावरून शिकलेल्या तरुणापेक्षा कच्चा राहील, असे मानण्याचे कारण नाही.

फेरफार केलेला खेळ वाटावयाचा कसा, हा पुढचा प्रश्न. सगळा खेळच वाटला तर ती उघड चोरी होईल. म्हणून या मंडळींनी एक तोड काढली. ती वाटतात ते फक्त ‘पॅच’, म्हणजे ठिगळ. अमुक क्रमांकाच्या जागी अमुक आकड्याऐवजी तमुक आकडा घालावा, अशी ती यादी असते. ग्रंथाच्या शेवटी शुद्धिपत्र जोडलेले असते ना, त्यातलाच हा प्रकार. शुद्धिपत्र एकटे वाचून कोणाचे पोट भरत नाही, त्याला ग्रंथ जवळ असावा लागतो. अर्थात शुद्धिपत्राच्या नावाखाली कोणी अर्धा ग्रंथच छापून वाटू लागला तर गोष्ट वेगळी. आणि ज्यांच्याजवळ ग्रंथ विकत घेतलेला असतो, असे वाचक या क्षेत्रात फार नाहीत, हेही कबूल केले पाहिजे.

या शुद्धिपत्रांत असते तरी काय? काहींत नुसती काठिण्यपातळी वाढविलेली असते, ती सोडून देऊ. काहींत नवा प्रदेश आणि नवी कथा असते. २००४ मधील ‘ब्राउन’ हे अशा प्रयत्नांपैकी जुने आणि नावाजलेले. काहींत मात्र मूळ खेळातील एका व्यवस्थेवरच इलाज केलेला असतो, आणि तो आपल्याकडील मुलांच्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. ‘लाल’ आणि ‘हिरवी’ या आवृत्त्यांत प्राण्यांच्या जाती थोड्या वेगळ्या होत्या. शिवाय काही प्राण्यांची वाढ दुसऱ्या खेळाडूशी तारेने यंत्र जोडून अदलाबदल केल्याखेरीज पुरी होत नसे. ज्या गावात एकाच मुलाकडे यंत्र आहे, किंवा यंत्र कोणाकडेच नसून संगणकावर त्याची नक्कल चालविलेली आहे, त्या गावातील मुलाने नोंदवही पुरी कशी करावी? दूरचित्रवाणीवर पोकेमॉनची मालिका आपल्याकडे २००३ पासून हिंदीत दिसू लागली, पण यंत्र आणि त्याच्या डब्या मध्यमवर्गीय घरात क्वचितच आल्या. तेव्हा अदलाबदलीची अट काढून टाकणारे शुद्धिपत्र हे एकलकोंड्या खेळाडूला न्याय देणारेच म्हटले पाहिजे. परंतु त्या तारेतून एक किडा इकडून तिकडे सरपटत जातो आहे, ही कल्पनाच ताजिरीला प्रथम सुचली होती आणि अदलाबदलीसाठीच त्याने खेळ रचला होता. ती अट काढली, की एकट्याची सोय होते आणि दोघांच्या भेटीचे निमित्त नाहीसे होते. फेरफार करणाऱ्याने काय कमावले, याबरोबर काय गमावले, हेही विचारावयास हवे.

कंपनीचे धोरण याबाबतीत एकसारखे राहिलेले नाही. बरीच शुद्धिपत्रे वर्षानुवर्षे निर्वेध फिरत राहिली. पण २०१६ च्या ऑगस्टमध्ये ‘युरेनियम’ हा नऊ वर्षे खपून केलेला विनामूल्य खेळ प्रसिद्ध झाला, पंधरा लाखांहून अधिक वेळा उतरवून घेतला गेला आणि नोटिसा येताच काही दिवसांत त्याच्या कर्त्यांनी तो मागे घेतला. हा फेरफार नव्हता, मुळापासून नवी रचना होती. परंतु नाव आणि काही प्राणी उसने होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘प्रिझम’ या फेरफारावर, आठ वर्षांच्या श्रमानंतर, प्रकाशनाला अवघे काही दिवस उरले असताना बंदी आली. तरीही तो कोणीतरी बाहेर सोडलाच. नोटिशीने एकंदरीत काय साधले, हे कंपनीच जाणे. खरी चोरी करणारे निराळेच आहेत. हौशी मंडळींनी फुकट वाटलेले फेरफार बनावट डब्यांत भरून बाजारात विकणारे व्यापारी मूळ कंपनीलाही लुबाडतात आणि हौशी कर्त्यालाही, आणि नोटीस पाठवावयास त्यांचा पत्ता बहुधा सापडत नाही.

आपला कायदा याबाबत काय म्हणतो, हे पाहण्यासारखे आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात संगणकाच्या प्रोग्रामला साहित्यकृतीचे संरक्षण मिळाले ते १९८४ च्या दुरुस्तीने. त्यानंतर १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये काही अपवाद घालण्यात आले. प्रोग्रामच्या मुळाशी असलेल्या कल्पना व तत्त्वे समजून घेण्यासाठी त्याच्या कार्याचे निरीक्षण, अभ्यास वा चाचणी करणे हा प्रताधिकाराचा भंग नव्हे, असे एका अपवादात म्हटले आहे. दुसऱ्यात, स्वतः कायदेशीरपणे मिळविलेल्या प्रतीवरून व्यापारी हेतूविना, वैयक्तिक उपयोगासाठी प्रोग्रामची नक्कल किंवा रूपांतर करण्यास मोकळीक दिली आहे. म्हणजे विकत घेतलेल्या डबीवरून घरी बसून फेरफार करणाऱ्या विद्यार्थ्याला हा कायदा चोर म्हणत नाही. तथापि ही मोकळीक प्रोग्रामपुरती आहे. खेळातील चित्रे आणि संगीत या स्वतंत्र कलाकृती असून त्यांचा विचार वेगळा होतो, आणि रूपांतर इतरांना वाटण्याची परवानगी या अपवादात कोठेही नाही. शुद्धिपत्र वाटणे म्हणजे रूपांतर वाटणे की केवळ सूचना देणे, हा वकिलांना बराच काळ पुरेल असा वाद आहे.

कायद्यापेक्षा खेळांचा इतिहास अधिक उदार आहे. मोगलांबरोबर हिंदुस्थानात गंजिफा आला. बाबराने १५२७ मध्ये एका मित्राला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे रूढ झालेला मोगल गंजिफा आठ रंगांचा आणि ९६ पानांचा. तो येथील लोकांनी जसाच्या तसा ठेवला नाही. रंगांच्या जागी विष्णूचे अवतार बसविले. अवतार दहा, म्हणून रंगही दहा केले आणि पाने झाली १२०. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा अशी मांडणी मात्र मुळातली राहू दिली. यंत्र तेच, चित्रे नवी, आणि दोन प्रदेश वाढविलेले! आजच्या हौशी मंडळींची परिभाषा वापरावयाची तर दशावतारी गंजिफा हा मोगल गंजिफ्यात केलेला फेरफारच होय. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी ती वर्तुळाकार पाने रंगविण्याची कला टिकविली, आणि ती लयाला जाऊ लागली असता शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिला राजवाड्यातच आसरा दिला. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह यांची चित्रे हातात धरून डाव मांडणारे आपले पूर्वज अचाट प्राणी गोळा करण्याच्या खेळाला अगदीच परके नव्हते, असे गमतीने म्हणता येईल.

आणि ज्या निन्टेन्डो कंपनीच्या यंत्रावर पोकेमॉन अवतरला, ती तरी कोण? १८८९ साली क्योटो येथे फुसाजिरो यामाउची याने काढलेला पत्ते बनविण्याचा कारखाना! सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानात पत्ते नेले. त्यांवर जुगार चालतो म्हणून राज्यकर्त्यांनी वारंवार बंदी घातली, आणि लोक दर वेळी चित्रे बदलून नवे पत्ते करू लागले. त्या बदलांच्या परंपरेतूनच फुलांची चित्रे असलेला ‘हानाफुदा’ जन्मास आला, आणि तोच या कारखान्याचा पहिला माल. परक्याच्या खेळात बंदी चुकवून केलेल्या फेरफारावर ज्या घराण्याची पेढी उभी राहिली, त्याने फेरफाराचा इतका तिटकारा करावा, यात काही काव्य आहे खरे.

तथापि फेरफार झाला म्हणजे तो स्तुत्यच, असे मानणे भाबडेपणाचे होईल. ज्ञानेश्वरीत इतके क्षेपक शिरले, की एकनाथांना शके १५०६ मध्ये पाठशुद्धी करावी लागली आणि पुढे तीत भर घालू पाहणाऱ्यांना सक्त ताकीद द्यावी लागली. अनेक हौशी खेळांची अवस्था त्या क्षेपकांसारखीच आहे. कथा पोरकट, भाषा शिवराळ, आणि मूळ खेळातील संयत विनोदाचा मागमूस नाही. परंतु वाईट क्षेपके झाली म्हणून कोणी ओव्या रचणे थांबविले नाही. फरक एवढाच करावयाचा, की आपली भर आपल्या नावाने चालवावी, दुसऱ्याच्या नावावर खपवू नये. शुद्धिपत्राची रीत नेमकी हेच करते. मूळ कोणाचे आणि ठिगळ कोणाचे, हे त्यात स्पष्ट राहते.

मराठीच्या दृष्टीने या उद्योगाला आणखी एक अंग आहे. पोकेमॉनच्या मुख्य मालिकेतील खेळ जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश, कोरियन आणि चिनी भाषांत निघाले आहेत. एकाही भारतीय भाषेत नाहीत. रस्त्यावर हिंडून खेळावयाचा ‘पोकेमॉन गो’ २०२३ मध्ये हिंदीत आला, पण तो वेगळा खेळ. जुन्या खेळाचे मराठी शुद्धिपत्र करावयाचे तर पहिली अडचण लिपीची आहे. गेम बॉयच्या पडद्यावर प्रत्येक अक्षराला आठ गुणिले आठ ठिपक्यांचा चौकोन मिळतो. एका ओळीत अशी अठरा अक्षरे, आणि एका वेळी दोन ओळी. शिरोरेषा, वरची मात्रा, खालचा उकार आणि जोडाक्षरे या आठ ठिपक्यांत कशी बसवावयाची? लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी देवनागरी खिळ्यांची संख्या आटोक्यात आणण्याचा खटाटोप केला होता, त्याच जातीचा हा प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा उभा राहतो. वाट अगदीच बंद नाही. जुन्या जपानी खेळांत काही अक्षरांच्या डोक्यावरची दोन टिंबे वरच्या रिकाम्या ओळीत काढण्याची रीत होती. दोन ओळींमधील ती मोकळी जागा आपल्या मात्रांना आणि अनुस्वारांना उपयोगी पडू शकेल.

दुसरी अडचण भाषेची. खेळाच्या आरंभी एक वृद्ध प्राध्यापक कोवळ्या वयाच्या नायकाशी बोलतो. त्याचा स्वतःचा नातू हा नायकाचा प्रतिस्पर्धी आहे. घरी आई मुलाला निरोप देते, शेजारी बायाबापडे रस्त्यात थांबून चार शब्द सांगतात, आणि प्राण्यांच्या दवाखान्यातील परिचारिका प्रत्येकाचे अगत्याने स्वागत करते. यांपैकी कोण ‘तू’ म्हणेल, कोण ‘तुम्ही’ म्हणेल आणि कोण ‘आपण’ म्हणेल? प्रतिस्पर्ध्याने आपल्या आजोबांना सर्वांसमोर ‘आजोबा’ म्हणावे की नुसते ‘अहो’? इंग्रजी प्रतीत याचा पत्ता लागत नाही, कारण तिने सगळ्यांना एकाच सर्वनामात बसविले आहे. जपानी भाषेत मात्र आदराच्या पायऱ्या आपल्याहूनही बारीक आहेत. मराठी अनुवादकाला इंग्रजी पान मिटून जपानी पान उघडावे लागेल.