तबकडी की अंक? : एका घरगुती वादाचा उलगडा

चार माणसे एकत्र जमली आणि त्यांत एखादा गाण्याचा शौकीन निघाला, की एक वाद हमखास उपस्थित होतो. ग्रामोफोनच्या तबकडीवरचे गाणे खरे, की डिजिटल पद्धतीने उतरवलेले गाणे खरे? हा वाद रेल्वेच्या डब्यात होतो, लग्नघरी होतो, शाळेत शिक्षकांच्या खोलीत होतो आणि आता हातातल्या फोनवरही रात्री उशिरापर्यंत चालतो. एक पक्ष म्हणतो, ‘अहो, तबकडीवर सूर अखंड असतो. डिजिटलमध्ये त्याचे तुकडे करतात. दोन तुकड्यांच्या मधले जे गेले, ते गेलेच.’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘तुम्हाला सूर आवडत नाही, खरखर आवडते.’ इथून पुढे वाद राहतो बाजूला आणि टोमणे सुरू होतात.

विषय करमणुकीचा दिसतो. पण त्यावर एक महत्त्वाची गोष्ट अवलंबून आहे. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद, गोवे अशा ठिकाणच्या कितीतरी मराठी घरांत आजोबांच्या वेळच्या तबकड्या अजून पेटीत पडून आहेत. कोठे अब्दुल करीम खाँसाहेब आहेत, कोठे बालगंधर्व. एका घरात ‘फोनमध्ये सगळे मिळते’ म्हणून ती पेटी भंगारवाल्याला दिली जाते. दुसऱ्या घरात ‘डिजिटल नकलेत प्राण राहत नाही’ म्हणून नक्कल करूच दिली जात नाही आणि तबकड्या ओल खात, तडकत नाहीशा होतात. दोन्ही घरांचे नुकसान सारखेच आहे आणि त्याच्या मुळाशी अपुरी माहिती आहे. म्हणून आज या वादाची जरा शिस्तीने फोड करून पाहू.

प्रथम ध्वनी कसा साठवतात ते पाहू. ध्वनी म्हणजे हवेतील कंपन. एडिसनने १८७७ साली ही कंपने फिरत्या नळकांड्यावर सुईने उमटवली. पुढे दहा वर्षांनी बर्लिनरने सपाट तबकडीची युक्ती काढली. तबकडीवरच्या बारीक चरीची नागमोड हीच कंपनाची आकृती असते. सुई त्या चरीतून फिरते, तशीच हलते आणि सूर परत मिळतो. गोहर जानचे गाणे कलकत्त्यास १९०२ साली मुद्रित झाले, ते याच तत्त्वाने.

डिजिटल पद्धतीत चर नसते, मोजमाप असते. कंपनाची उंची ठरावीक वेळाने मोजायची आणि ते आकडे लिहून ठेवायचे, एवढीच ती कल्पना. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी मिळून सिद्ध केलेली सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यात प्रत्येक सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घेतलेले असते आणि प्रत्येक मोजमापासाठी ६५,५३६ पायऱ्यांची मोजपट्टी असते. ४४,१०० हा विचित्र आकडा कोठून आला, असे मुले विचारतात. त्या काळी हे आकडे साठवण्यास व्हिडिओची फीत वापरीत. चित्राच्या दर ओळीत तीन मोजमापे, २४५ ओळी आणि सेकंदाला ६० वेळा. गुणाकार करून पाहावा.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. दोन मोजमापांच्या मध्ये जो सूर होता, त्याचे काय झाले?

शाळेतल्या भूमितीचा एक धडा आठवावा. कागदावर एका रेषेत नसलेले तीन बिंदू काढले. त्यांतून जाणाऱ्या वाकड्यातिकड्या रेषा असंख्य काढता येतील. पण मी आपणास आधीच सांगितले, की ही आकृती वर्तुळ आहे, तर? मग त्या तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जाते. दुसरे जाऊच शकत नाही. परिघावरचे बाकीचे बिंदू मी दिले नाहीत, तरी आपण कंपासाने ते अचूक काढून दाखवाल. त्यांतला एकही हरवला असे कोणी म्हणणार नाही. ही किमया केवळ बिंदूंची नाही. ‘आकृती वर्तुळच आहे’ या आगाऊ हमीची आहे.

ध्वनीच्या बाबतीतही अशीच एक हमी असते. निरोगी तरुण माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपने ऐकू येतात. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली उतरते. त्याहून जलद कंपने मोजमापापूर्वीच गाळणीने अडवली, तर उरलेल्या लहरीला मनास येईल तशी वळणे घेता येत नाहीत. अशा लहरीची तिच्या सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमापे घेतली, की त्या सर्व बिंदूंतून त्या मर्यादेतली एकच लहर जाते. हा गणिती सिद्धांत आहे. सोव्हिएत रशियात कोटेल्निकोव्हने १९३३ साली आणि अमेरिकेत शॅननने १९४९ साली तो प्रसिद्ध केला. २०,००० ची दुप्पट ४०,०००. सीडीची मोजमापे त्याहून थोडी अधिक आहेत. सीडी वाजते तेव्हा कानावर जिन्यासारख्या पायऱ्या पडत नाहीत. बिंदूंतून ती एकमेव अखंड लहर पुन्हा काढली जाते. तेव्हा ‘मधले गेले ते गेलेच’ हे म्हणणे, ही हमी पाळली असेल तर, टिकत नाही.

ती पाळली नाही, तर मात्र घोटाळा होतो. सिनेमात धावत्या गाडीची चाके उलटी फिरताना आपण पाहिली आहेत. कॅमेऱ्याने सेकंदाला घेतलेली चित्रे चाकाच्या गतीला पुरी पडली नाहीत, म्हणून तो भास झाला. ध्वनीतही गाळणी कच्ची असेल, तर मुळात नसलेले सूर नकलेत शिरतात. यंत्रे आरंभीची असताना ज्या चोखंदळ श्रोत्यांनी तक्रारी केल्या, त्या सगळ्याच मनाचे खेळ होत्या असे समजणे अन्यायाचे होईल.

मोजपट्टीच्या पायऱ्यांविषयीही एक शंका राहते. प्रत्येक मोजमाप जवळच्या पायरीवर बसवावे लागते, म्हणजे किंचित चूक राहतेच. ती चूक अतिशय मंद अशा खसखशीच्या रूपाने ऐकू येऊ शकते. सीडीमध्ये सर्वांत मोठा आवाज आणि ही खसखस यांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर असते. चांगल्या लाँग प्लेइंग तबकडीत हे अंतर साधारणपणे ६० ते ७० डेसिबलच भरते. शिवाय तबकडी म्हणजे मूळ ध्वनीची हुबेहूब आकृती, हाही गोड गैरसमजच आहे. खर्जाचे सूर जशास तसे कोरले, तर चर फार रुंद होते. म्हणून कोरताना खर्ज कमी करतात, टीप वाढवतात आणि वाजवताना त्याच्या उलट करतात. सुई मध्याकडे जाते तशी एका फेऱ्याची लांबी घटते आणि बारकावे अस्पष्ट होऊ लागतात.

मग इतके रसिक लोक ‘डिजिटल गाणे कानाला टोचते’ असे म्हणतात, ते सारे भ्रमात आहेत काय? मुळीच नाही. मात्र एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत. पहिली गोष्ट मोजमाप; ती आपण पाहिली. दुसरी गोष्ट आकुंचन. सीडीतून सेकंदाला १४,११,२०० बिट वाहतात. एमपी३ पद्धतीत ते पुष्कळदा १,२८,००० वर आणले जात, म्हणजे सुमारे अकरावा हिस्सा. इथे मात्र काही भाग खरोखरच टाकून दिला जातो. ढोल वाजत असता शेजारची कुजबुज ऐकू येत नाही. तेव्हा जे कानाला ऐकू येणारच नाही असे वाटते, ते गाळायचे, असा हा हिशेब असतो. हात आखडता घेतला, की झांजेचा झणत्कार आणि टाळ्यांचा गजर पाणचट होतो. ही तक्रार खरी आहे. पण ती आकुंचनाविरुद्ध आहे.

तिसरी गोष्ट आवाजाच्या चढाओढीची. आपले गाणे शेजारच्या गाण्याहून मोठे वाजावे, म्हणून मंद सूर वर उचलून सगळे एका पातळीवर दाबून बसवण्याची चाल पडली. मेटालिका या वाद्यवृंदाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा संग्रह २००८ साली निघाला, तेव्हा श्रोत्यांनी याच कारणावरून गिल्ला केला. त्यातली गाणी एका व्हिडिओ खेळातही घातलेली होती आणि तिथे ती अधिक मोकळी ऐकू येतात, असे लोकांच्या ध्यानात आले. सीडीही डिजिटल आणि खेळही डिजिटल. तेव्हा दोष पद्धतीचा नव्हता, मुद्रणावर अखेरचा हात फिरवताना केलेल्या निवडीचा होता. तबकडीत अशा अतिरेकाला थोडा नैसर्गिक अडसर असतो. म्हणून एखादे गाणे तबकडीवर खरोखरच सुखद लागू शकते.

आता या वादाचा निकाल कसा लावावा? माझ्या मते एकच सरळ मार्ग आहे. डोळ्यांना बाजूला ठेवावे. डोळा कानाला फार लवकर फितवतो. यंत्राची किंमत, तबकडीचे देखणे वेष्टन, सुई ठेवण्याचा तो सोहळा, हे सारे कानात मिसळते. २००७ साली मेयर आणि मोरन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अधिक सूक्ष्म मोजमापांचे मुद्रण एकदा तसेच, आणि एकदा सीडीच्या मोजमापांतून काढून, श्रोत्यांना न सांगता ऐकवले. नेहमीच्या आवाजात कोणाचे उत्तर नाणेफेकीहून सरस ठरले नाही.

२०२२ साली तर हा प्रयोग जगाने नकळत केला असे दिसून आले. अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी ही कंपनी रसिकांसाठी महागड्या तबकड्या काढते. त्या तबकड्या मूळ फितीवरून थेट, डिजिटलचा स्पर्श न होता उतरतात, अशी जाणकारांची समजूत होती. कंपनीच्या ध्वनितंत्रज्ञांनीच त्या वर्षी सांगितले, की कित्येक वर्षे पुष्कळशा तबकड्यांच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता. याच तबकड्यांतील अखंड सुराची वाखाणणी डिजिटलला नावे ठेवणारे लोक इतके दिवस करीत होते!

असा प्रयोग आपणासही घरी करता येईल. एकाच मुद्रणाच्या दोन प्रती घ्याव्यात. दोहोंचा आवाज काळजीपूर्वक सारखा करावा. कारण किंचित मोठा वाजणारा सूर आपल्याला नेहमी अधिक चांगला वाटतो. एकाने पडद्याआड नाणे उडवून कोणती प्रत लावायची ते ठरवावे, दुसऱ्याने ऐकून ओळखावे. असे १६ वेळा करावे. निव्वळ अंदाजाने ८ च्या आसपास उत्तरे बरोबर येतील. १२ किंवा अधिक बरोबर आली, तर ती केवळ योगायोगाने येण्याची शक्यता शंभरात चारांहून कमी असते. मग त्या कानाला मान द्यावा आणि फरक कशामुळे पडला ते शोधावे. ९ आली, तर हसून चहा घ्यावा.

यात एक गोष्ट विसरू नये. कोणाला तबकडी ऐकण्यात आनंद वाटतो, तर त्या आनंदाला पुराव्याची गरज नाही. वेष्टन न्याहाळणे, सुई अलगद टेकवणे, एक बाजू संपेपर्यंत बसून राहणे, यात गाण्याविषयीचा आदर आहे आणि फोनवर एकामागून एक गाणी सरकवणाऱ्याला तो शिकण्यासारखा आहे. भांडण लागते ते ‘मला आवडते’ याऐवजी ‘यात जास्त माहिती आहे’ असे म्हटल्यावर. पहिले विधान आवडीचे आहे; दुसरे मोजता येते, म्हणून ते मोजूनच ठरवले पाहिजे.

आता त्या तबकड्यांच्या पेटीकडे येऊ. १९२५ च्या आधीच्या तबकड्या कर्ण्यात गाऊन मुद्रित केलेल्या आहेत. विजेचा मायक्रोफोन त्यानंतर आला. त्यांत २०,००० कंपनांपर्यंतचा सूर मुळातच नाही, तेव्हा डिजिटल नकलेत तो गमावण्याचे भय बाळगू नये. ध्वनिसंग्रहालये अशा तबकड्यांसाठी सेकंदाला ९६,००० मोजमापेही घेतात. त्यामुळे खरखर नीट ओळखून पुढे वेगळी काढता येते. सुई दर वेळी चरीला थोडे झिजवते. अंकांची नक्कल मात्र हजारदा केली तरी तीच राहते. म्हणून जाणत्याकडून, आकुंचन न करता नक्कल करून घ्यावी, ती दोन-तीन ठिकाणी ठेवावी आणि दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवावी. कारण अंक टिकले तरी ती वाचणारी यंत्रे लवकर कालबाह्य होतात. आणि नक्कल झाली म्हणून मूळ तबकडी टाकू नये. उद्या अधिक चांगली सुई निघेल, तेव्हा मूळ हवेच.

१९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने सोडली. त्या प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि तिच्या चरीत, जगातील निवडक संगीतात, गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी कोरलेली आहे. त्याच यानांनी गुरू आणि शनी यांची चित्रे मात्र आकड्यांच्या रूपाने पृथ्वीवर पाठवली. केसरबाईंचा सूर चरीत आणि शनीची कडी अंकांत, अशी ती याने आज सूर्यमालेच्या ग्रहांच्या कितीतरी पलीकडे चालली आहेत. आपल्या घरातही दोघांना जागा करून द्यावी.