एक नोंदवही, अनेक हात

नगरपालिकेच्या कचेरीत सकाळी अकराच्या सुमारास घरपट्टी भरण्यासाठी नागरिकांची रांग लागलेली असते. खिडकीमागील कारकून मालमत्तेचा क्रमांक संगणकावर टंकतो आणि मग दोघेही, कारकून आतून व नागरिक बाहेरून, उत्तराची वाट पाहत थांबतात. कचेरी उघडताच जे उत्तर क्षणात मिळत होते, त्यालाच आता अर्धे मिनिट लागते. संगणक तोच, नोंदीही त्याच. वाढली आहे ती केवळ एकाच वेळी विचारणाऱ्यांची संख्या. अशा वेळी अधिक वेगवान यंत्रे विकत घेण्याचा उपाय प्रथम सुचतो. परंतु विलंब नेमका कोठे उत्पन्न होतो याचा शोध घेतला असता पुष्कळदा असे आढळते की, दोष यंत्राचा नसून विचारण्याच्या रीतीचा आहे.

कपाट की पुस्तक?

अनेकांनी एकाच वेळी वापरावयाच्या सुव्यवस्थित नोंदींच्या संग्रहास सामायिक माहितीकोश अथवा डेटाबेस असे म्हणतात. कचेरीत तो दोन प्रकारे ठेवता येतो. पहिल्या प्रकारात माहितीकोशाची फाइल एका संगणकावर नुसती ठेवलेली असते आणि शोधण्याचे काम ज्याच्या त्याच्या टेबलावरील संगणक करतो. दुसऱ्या प्रकारात माहितीकोश सांभाळणारी स्वतंत्र प्रणाली मध्यवर्ती संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, चालू असते. टेबलावरून केवळ प्रश्न जातो आणि तिकडून केवळ उत्तर येते.

या दोहोंतील भेद ग्रंथालयाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. वाचकाने एक पुस्तक मागितले असता ग्रंथपाल ते शोधून त्याच्या हाती देतो. त्याऐवजी जर प्रत्येक वाचकाच्या घरी संपूर्ण कपाट पाठवून ‘हवे ते काढून घ्या’ असे सांगितले, तर रस्ता कितीही रुंद असला तरी तो कपाटांनीच भरून जाईल.

थोडे गणित करून पाहू जाता हे अधिक पटेल. समजा, माहितीकोशात २ लाख नोंदी आहेत व प्रत्येक नोंद ५०० बाइटची आहे. म्हणजे एकूण माहिती १० कोटी बाइट झाली. कचेरीतील तारेतून सेकंदाला १० कोटी बिट जातात असे धरले, तर ८ बिटांचा एक बाइट या हिशेबाने ती तार सेकंदाला १ कोटी २५ लाख बाइट वाहून नेते. एका नोंदीच्या शोधासाठी सर्व नोंदी टेबलापर्यंत आणावयाच्या झाल्यास किमान ८ सेकंद लागतील. दहा कारकुनांनी एकाच वेळी विचारणा केली, तर मध्यवर्ती संगणकाच्या त्या एकाच तारेवरून सर्वांचे ओझे जावयाचे असल्याने हा काळ ८० सेकंदांपर्यंत जाईल. सकाळी लवकर काम वेगाने होते आणि अकरा वाजता ते खोळंबते, त्याचे एक कारण हेच होय.

सूचीचे सामर्थ्य

प्रश्न सर्व्हरकडे पाठविल्याने तारेवरील ओझे हलके होते खरे. तथापि एका नोंदीसाठी सर्व्हरने स्वतःच २ लाख नोंदी चाळल्या, तर श्रम केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी गेले असे म्हणावे लागेल. येथे सूची उपयोगी पडते. ग्रंथालयातील पत्रसूचीमुळे जसे कपाटे धुंडाळावी लागत नाहीत, तसेच माहितीकोशातही मालमत्तेच्या क्रमांकाची अथवा मालकाच्या नावाची क्रमवार सूची करून ठेवता येते.

अशा सूचीची एक अत्यंत उपयुक्त रचना रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्क्राइट या शास्त्रज्ञांनी १९७० साली मांडली. ती ‘बी-वृक्ष’ या नावाने ओळखली जाते. हिच्यातील प्रत्येक पान पुढील अनेक पानांकडे वाट दाखविते. एका पानावरून १०० वाटा फुटतात असे धरले, तर दुसऱ्या पायरीवर १० हजार आणि तिसऱ्या पायरीवर १० लाख नोंदींपर्यंत पोहोचता येते. म्हणजे २ लाख नोंदींतून हवी ती शोधण्यास सूचीची तीन पाने आणि प्रत्यक्ष नोंदीचे एक, अशी चारच पाने पुरतात. प्रत्येक पान ४,०९६ बाइटचे मानल्यास १० कोटींऐवजी सुमारे १६ हजार बाइट वाचावे लागतील. हे प्रमाण सहा हजारांत एक असे पडते. तार बदलून दसपट वेगाची बसविली तरी लाभ दसपटीहून अधिक होणार नाही. सूचीने मात्र मूळ श्रमच सहा हजारांश केले.

अर्थात हा लाभ फुकट मिळत नाही. नवी नोंद केली की प्रत्येक सूचीतही ती योग्य जागी घालावी लागते. म्हणून ज्या गोष्टीवरून वारंवार शोध घेतला जातो, तिचीच सूची ठेवणे शहाणपणाचे ठरते.

फेऱ्यांचा हिशेब

ओझ्याइतकाच खेपांचाही विचार करावा लागतो. बाजारातून वीस जिनसा आणावयाच्या असता प्रत्येक जिनसेसाठी वेगळी खेप कोणी घालत नाही; यादी करून एकदाच जातात. परंतु संगणकाच्या आज्ञावली लिहिताना हा साधा विवेक पुष्कळदा विसरला जातो, आणि २,००० नोंदी एकेक करून मागविल्या जातात. एकाच इमारतीत प्रत्येक प्रश्नोत्तरास सेकंदाचा दोनहजारावा भाग लागला, तर एकूण विलंब एक सेकंदाचा होतो. तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. मात्र तीच कचेरी मुंबईत आणि सर्व्हर दिल्लीत असेल तर चित्र पालटते. या दोन शहरांमधील सरळ अंतर सुमारे १,१५० किलोमीटर आहे आणि काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. जाण्यायेण्यास सेकंदाचा सुमारे ८७ वा भाग तरी लागणारच. २,००० फेऱ्यांना म्हणून किमान २३ सेकंद लागतील, आणि हा विलंब कोणत्याही अधिक किमतीच्या यंत्राने टळणार नाही. सर्व नोंदी एकाच प्रश्नात मागविणे हाच त्यावरील उपाय होय.

शेवटची जागा कोणाची?

माहितीकोशात केवळ वाचन नसते, लेखनही असते. आणि तेथेच वेगाची खरी कसोटी लागते. गाडीत एकच जागा शिल्लक आहे, आणि दोन खिडक्यांवरील दोन कारकुनांनी ती एकाच क्षणी रिकामी पाहिली, तर दोघेही ती विकतील आणि रात्री एका शायिकेवर दोन प्रवासी हक्क सांगतील. हे टाळण्यासाठी एकाचे लेखन पुरे होईपर्यंत त्या नोंदीस कुलूप घातले जाते व दुसरा थांबतो.

कुलूप कशाला घालावयाचे, हा मात्र विचाराचा प्रश्न आहे. संगणक येण्यापूर्वी रेल्वेचे आरक्षण हाताने लिहिलेल्या नोंदवह्यांत होत असे. नोंदवही एका वेळी एकाच कारकुनाच्या हाती असणार; म्हणून प्रवाशाला त्याच्या गाडीच्या खिडकीपुढेच उभे राहावे लागे. जणू संपूर्ण वहीलाच कुलूप होते. १९८५ साली नवी दिल्ली येथे संगणकीय आरक्षणास प्रारंभ झाला, आणि एका खिडकीवरून अनेक गाड्यांचे तिकीट मिळू लागले. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथील केंद्रे १९९९ सालापर्यंत परस्परांशी जोडली गेली.

कचेरीतील माहितीकोशासही हेच तत्त्व लागू पडते. एका नोंदीच्या दुरुस्तीसाठी संपूर्ण तक्त्यास कुलूप घातले, तर बाकीचे सर्व विनाकारण खोळंबतात. नोंद उघडून, तिचे कुलूप तसेच ठेवून कारकून चहाला गेला, तरी परिणाम तोच. म्हणून सर्व माहिती आधी गोळा करावी, कुलूप अगदी अखेरीस घालावे, लिहावे आणि तत्काळ काढावे. कुलूपच काढून टाकल्यास वेग वाढेल हे खरे; परंतु शायिका एक आणि प्रवासी दोन, हा वेग कोणाच्याच कामाचा नाही.

आधी मोजमाप

वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसेच येथेही प्रथम मोजावे लागते. कोणत्या प्रश्नास किती वेळ लागला, त्यासाठी किती नोंदी वाचल्या गेल्या, किती फेऱ्या झाल्या आणि कुलपासाठी कोण किती थांबले, या चार गोष्टींची टिपणे बहुतेक दुखण्यांचे मूळ दाखवून देतात. तार व यंत्रे खरोखरच अपुरी पडत असतील तर तेही यातूनच कळते, आणि मग खर्च योग्य जागी होतो.

घरपट्टीच्या खिडकीसमोर ताटकळणाऱ्या नागरिकाला बी-वृक्ष किंवा कुलूप यांच्याशी कर्तव्य नसते. त्याचे काम वेळेवर व्हावे आणि त्याने भरलेली रक्कम त्याच्याच नावे लिहिली जावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. ओझे कमी, फेऱ्या थोड्या आणि कुलूप लहान ठेवल्यास त्याच यंत्रांवर या दोन्ही अपेक्षा पुष्कळ अंशी पुऱ्या करता येतात.